दोन वाक्यांमधली फट

रेकॉर्डिंग अडतिसाव्या मिनिटाला पोचलं होतं. मी ते दीडपट वेगानं ऐकत होते आणि एकीकडे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मीटिंग सकाळीच होऊन गेली होती. त्याच वेळी मला दुसरी एक मीटिंग होती, म्हणून "रेकॉर्डिंग टाकून ठेवा, मी नंतर बघते" असं सांगून मी मोकळी झाले होते. आता त्या 'नंतर'ची वेळ आली होती. चार ओळखीचे आवाज भराभरा बोलत होते. अर्धं लक्ष त्यांच्याकडे, अर्धं उशीच्या अभ्र्यांकडे. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हे खरं तर तिलाच विचारायला हवं."

तिला म्हणजे मला.

हातातला अभ्रा हातातच राहिला. पलीकडे जरा शांतता. मग, "बरं, पुढे जाऊ या."

"अहो, थांबा ना!" मी स्क्रीनला म्हणाले. चांगलं मोठ्यानं.

उत्तर मला माहीत होतं. एका वाक्याचं होतं. पण ते द्यायची जागा सकाळीच उघडली होती आणि सकाळीच बंद झाली होती. मी रेकॉर्डिंग मागे नेलं, वेग नेहमीचा केला आणि ती जागा मोजली. चार सेकंद. त्या चार सेकंदांत चौघंही कुठेतरी खाली बघत होते. एकानं चष्मा काढून पुसला. जणू खरोखरच कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबले होते. मी ते तीनदा बघितलं. तिन्ही वेळा तो चष्मा पुसून झाला आणि तिन्ही वेळा गाडी पुढे गेली.

'नंतर बघून घे' हे वाक्य आता आमच्या कामात इतकं रुळलंय की त्यात काही खोट असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. सुट्टी आहे? नंतर बघ. दोन मीटिंगा एकाच वेळी आल्या? एक नंतर बघ. तुझ्याकडे मध्यरात्र आहे? झोप, नंतर बघ. सोय मोठीच आहे आणि मी ती पुरेपूर वापरली आहे. (खरं सांगायचं तर 'नंतर' म्हणून ठेवलेल्या रेकॉर्डिंगांपैकी निम्मीसुद्धा मी उघडलेली नाहीत. लिंक जपून ठेवली की मीटिंग केल्याचं पुण्य लागतं, असा काहीतरी हिशेब मनात असावा.) पण जी बघितली ती दीडपट वेगानं, आणि त्या वेगाचीही एक गंमत आहे.

जुन्या टेपरेकॉर्डरवर टेप जोरात फिरवली की माणसं चिरक्या आवाजात बोलू लागायची. आता तसं होत नाही. सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशाएवढे बारीक तुकडे करतं आणि लहरी जिथे एकमेकींशी जुळतात तिथे ते तुकडे एकमेकांवर थोडे थोडे चढवून परत सांधतं. आवाजाची पट्टी तीच राहते, फक्त वेळ आक्रसते. विणकामात टाके घट्ट ओढावेत तसं. काही प्लेअरमध्ये तर 'शांतता गाळा' अशीही सोय असते. मग कुणीच बोलत नसेल तो भाग सरळ कापूनच जातो.

याचा परिणाम असा की दीडपट वेगात सगळेच हुशार वाटतात. कुणी अडखळत नाही, कुणी विचारात पडत नाही. प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. आमच्या एका वरिष्ठांचं बोलणं मी बराच काळ फक्त रेकॉर्डिंगमधून ऐकत होते. मग एकदा त्यांच्याशी थेट बोलायची वेळ आली, तर मला वाटलं यांची तब्येत बरी नाही. माणूस प्रत्येक वाक्याआधी थांबत होता. नंतर लक्षात आलं की ते पहिल्यापासून असेच बोलतात. विचार करून.

तर, चार सेकंद मोजले त्या रात्री एवढंच वाटलं की आपण तिथे असतो तर बोललो असतो. पुढे जे कळलं त्यानं हा समज फारसा टिकू दिला नाही.

आमच्या टीममध्ये इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. कुणाला ते नको असतं, मला आवडतं. एका सोमवारी वाद झाला की अमुक गोष्ट ठरली होती की नुसती बोलली गेली होती. म्हणून मी आधीच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग उघडलं. या मीटिंगला मी स्वतः हजर होते, बरंच बोललेही होते. शब्दन् शब्द हवा होता, म्हणून वेग नेहमीचा ठेवला, कानाला हेडफोन लावले आणि शेजारी यंत्रानं आपोआप उतरवलेला मजकूर उघडा ठेवला. नाव, मग वाक्य. नाव, मग वाक्य.

त्यात आमच्या एका सहकाऱ्याचं नाव पाच वेळा आलं होतं आणि पाचही वेळा पुढे वाक्य नव्हतं. "ते जे—". "एक मि—". "हां, पण ही—". चौथ्या वेळी नुसतं "प". पाचव्या वेळी पूर्ण शब्द होते, दोन: "नाही, बोला."

हा आमचा सहकारी लांबून काम करतो. लांब म्हणजे आमच्या सगळ्यांपासून लांब, आणि त्याच्याकडचं नेटही यथातथाच. त्याच्याबद्दल आमचं मत ठरलेलं होतं: माणूस कामाला चोख, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. वर्षाअखेरीच्या शेऱ्यात मी ते लिहिलंही होतं, जरा गोड शब्दांत. 'चर्चेत अधिक सहभाग अपेक्षित.' आणि आता हेडफोनमध्ये तो पाच वेळा तोंड उघडत होता आणि त्यावर कुणीतरी बोलत होतं. त्यांतल्या तीन वेळा ते कुणीतरी म्हणजे मी.

मी मुद्दाम त्याला तोडत होते का? रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून मी शपथेवर सांगू शकते की नाही. माझ्या आठवणीत तर तिथे शांतताच होती. कुणी काही म्हणत नाहीये असं बघून मी बोलायला सुरुवात केली होती. मग चुकलं कुठे, याच्या मागे मी लागले, आणि त्या नादात रेकॉर्डिंगचा मूळ वाद बाजूलाच राहिला.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण दोनशे मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवायलाही एवढाच किंवा थोडा जास्त वेळ लागतो. २००९ साली संशोधकांच्या एका गटानं जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या दहा भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं हे अंतर मोजलं. जपानी लोक सगळ्यांत झटपट, डॅनिश लोक सगळ्यांत सावकाश, पण फरक सेकंदाच्या अंशांचाच. नवल याच्या पुढेच आहे. मनात वाक्य जुळवून तोंडातून काढायला माणसाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एक साधा शब्द उच्चारायचा तरी अर्ध्या सेकंदाहून जास्त. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण आपलं वाक्य तयार ठेवलेलं असतं. चालत्या झोपाळ्यावर दुसऱ्यानं उडी मारून बसावं तसं हे आहे. क्षण चुकला की गुडघा फुटतो.

आता या दोघांच्या मध्ये लांबलचक वायर घाला. बोलणाऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, त्याचे साधारण वीस वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, ते आवळून पॅकेटमध्ये भरले जातात, घरातल्या वायफायवरून बाहेर पडतात, काचेच्या तंतूतून धावतात, कुठल्यातरी सर्व्हरवर पोचतात आणि तिथून प्रत्येकाकडे वेगळे निघतात. काचेच्या तंतूत प्रकाशाला हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात. तो वेळ काही केल्या कमी होणार नाही, पण तो फारसा नाहीही. खरा वेळ खातं ते थांबणं. पॅकेटं निघतात शिस्तीत, पण पोचतात वरातीसारखी: काही पुढे, काही रेंगाळत, काही वाटेतच गळालेली. ती आली तशी वाजवली तर आवाज तुटक येईल. म्हणून ऐकणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर मुद्दाम थोडं थांबतं, मागे राहिलेल्यांना गोळा करतं आणि मग वाजवतं. या साठ्याला जिटर बफर म्हणतात. जे तुकडे आलेच नाहीत ते परत मागवायला वेळ नसतो. त्यांच्या जागी आधीच्या आवाजावरून अंदाजानं काहीतरी भरलं जातं. 'तुमचा आवाज रोबोटसारखा येतोय' म्हणतो ना आपण, तो हा अंदाज. नेट जितकं लहरी, तितका साठा मोठा ठेवावा लागतो आणि तितकं सगळं उशिरा ऐकू येतं.

फोनवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. स्थिर दिसणारे दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच असतात. आवाज तिथवर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो. पूर्वीच्या परदेशी फोनवर दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम थांबायचे, ते यामुळेच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं म्हणूनच सांगून ठेवलंय की आवाजाला एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांहून कमी वेळ लागला तर बोलणं सुरळीत चालतं आणि चारशेच्या वर जाऊ देऊ नये.

समजा, आमच्या त्या सहकाऱ्याचा आकडा चारशेवर होता. मी कागदावर मांडून बघितलं. माझं वाक्य संपतं ते त्याला चारशे मिलिसेकंदांनी ऐकू येतं. तो सभ्य माणसासारखा दोनशे मिलिसेकंद थांबून बोलायला लागतो. ते माझ्यापर्यंत यायला आणखी चारशे. म्हणजे माझ्या कानाला पूर्ण एका सेकंदाची शांतता. एवढ्या शांततेचा अर्थ आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो: कुणाला काही बोलायचं नाही. म्हणून अर्ध्या सेकंदाला मी किंवा दुसरं कुणीतरी बोलायला सुरुवात करतं. आता हेच त्याच्या बाजूनं बघा. वाक्य संपलं, तो वेळेवर बोलायला लागला, आणि त्यानं तीनशे मिलिसेकंद काढले असतील नसतील तोच कुणीतरी त्याच्या तोंडातला शब्द ओढून घेतला. एकच घटना. माझ्या मीटिंगमध्ये तो गप्प आहे. त्याच्या मीटिंगमध्ये मी उद्धट आहे.

'माझी मीटिंग' आणि 'त्याची मीटिंग' हे शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. आठ जण जोडलेले असतील तर मीटिंगा खरोखरच आठ असतात. शब्द तेच, पण कोण आधी, कोण नंतर आणि मध्ये किती थांबा, हे प्रत्येकाकडे वेगळं. आणि रेकॉर्डिंग यांतल्या कुठल्याच मीटिंगचं नसतं. आमची रेकॉर्डिंगं सर्व्हरवर होतात, म्हणजे सर्व्हरला ज्या क्रमानं ऐकू आलं त्या क्रमाची ती नववी मीटिंग. तिला माणूस कुणीच हजर नव्हता. मी हेडफोन लावून ऐकत होते ती ही नववी. माझ्या स्वतःच्या मीटिंगमध्ये जे "ते जे—" माझ्याच आवाजाखाली बुडालं होतं, ते या नवव्या मीटिंगमध्ये थोडंसं डोकं वर काढून होतं. इतकंच.

२०१४ साली बर्लिनच्या काही संशोधकांनी या विषयावर प्रयोग करून लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकाची सुरुवातच 'तू एवढा संथ का?' अशी आहे. फोनच्या जोडणीत मुद्दाम उशीर घालून त्यांनी लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि मग समोरचा माणूस कसा वाटला ते विचारलं. उशीर वाढला तसं लोकांना समोरच्याचं लक्ष नाही असं वाटू लागलं. तारेतला दोष त्यांनी माणसाच्या स्वभावाला चिकटवला. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर स्वतःच लिहिलेला तो शेरा आला. अधिक सहभाग अपेक्षित.

या यंत्रांच्या इतिहासात डोकावलं तर सगळी हौस चेहऱ्याची दिसते. एटी अँड टी कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन मांडला. लोकांनी कौतुकानं बघितला. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो विकायला काढला आणि जवळजवळ कुणीच घेतला नाही. महाग तर होताच, पण फोनवर बोलताना आपण दिसावं असं बऱ्याच जणांना वाटतही नव्हतं. याउलट ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी हजारभर लोकांसमोर दाखवलेलं प्रात्यक्षिक बघा. संगणकाच्या माउसचं पहिलं जाहीर दर्शन म्हणून ते गाजलं, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला त्यांचा सहकारी पडद्याच्या एका भागात दिसत होता आणि दोघं मिळून एकाच मजकुरावर काम करत होते. आजची आपली मीटिंगच की ही. फरक एवढाच की चित्र आणि आवाज त्या काळच्या अॅनालॉग मायक्रोवेव्ह जोडणीवरून जात होते. तुकडे नाहीत, पॅकेट नाहीत, थांबून गोळा करणं नाही. दोन वाक्यांमधली फट तिथे समोरासमोर बसल्याइतकीच होती. आज माझ्या स्क्रीनवर समोरच्याच्या भुवईचा केस दिसतो, पण तो हसला ते माझा विनोद संपल्यावर की पुढचं वाक्य सुरू झाल्यावर, हे नक्की सांगता येत नाही.

मग २०२० उजाडलं आणि सगळं जग एकदम या चौकटींत येऊन बसलं. झूमनं स्वतः दिलेला आकडा असा की २०१९ च्या डिसेंबरात त्यांच्याकडे रोज जास्तीत जास्त एक कोटी जण मीटिंगला यायचे, २०२० च्या मार्चमध्ये वीस कोटींवर गेले. तीन महिन्यांत जे शिकायचं ते आपण सगळे शिकलो: लिंक, म्यूट, मागचं पसाऱ्याचं कपाट झाकणं. उरलेलं शिकायला कुणी बसलंच नाही.

म्यूटवरून आठवलं. मराठीत गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. 'हं', 'मग?', 'अरेच्चा'. हुंकार थांबला की सांगणारा विचारतो, झोपलास का रे? मीटिंगमध्ये सगळे म्यूटवर, म्हणजे हुंकार बंद. आणि म्यूट काढलं तरी तो पोचेलच असं नाही, कारण गोंगाट गाळणाऱ्या सॉफ्टवेअरला बारीकसा 'हं' आणि खुर्चीची कुरकुर यांतला फरक कळेलच याचा नेम नाही. त्यातून कुणी स्पीकरवर असेल तर दोघांचा आवाज एकदम आला की प्रतिध्वनी टाळायच्या नादात एकाचा आवाज दाबलाच जातो. त्यामुळे बोलणारा विहिरीत बोलतो. पुन्हा पुन्हा थांबून विचारतो, "आवाज येतोय ना माझा?" येत असतो. त्याला विचारायचं असतं वेगळंच: ऐकताय ना? माझ्या मते या अख्ख्या तंत्रज्ञानातला सगळ्यांत करुण प्रश्न हाच आहे आणि आपण त्याला उत्तर देतो, अंगठ्याच्या चित्रानं.

आता इतिवृत्त लिहायलाही यंत्र आलंय. मीटिंग संपली की दोन मिनिटांत सारांश हजर: मुद्दे, निर्णय, कुणी काय करायचं. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्याहून नीटनेटकं लिहितं ते. पण त्या मीटिंगच्या सारांशात एक ओळ होती, 'यावर सर्वांची सहमती झाली.' मी उघडून बघितलं, ती सहमती म्हणजे काय. ती शांतता होती. दीड सेकंदाची. त्याच शांततेच्या टोकाला ते "हां, पण ही—" होतं. हाताखाली कागद असताना अशा ठिकाणी मी काहीच लिहीत नसे, किंवा लिहीत असे की 'आक्षेप आला नाही'. या दोन्हींत आणि सहमतीत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे जुन्या कारकुनालाही माहीत असतं. यंत्रांना शांततेचं काय करावं ते कळत नाही. ओपनएआयच्या व्हिस्पर या आवाजावरून मजकूर करणाऱ्या प्रणालीची तपासणी करणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण एक टक्का नमुन्यांत कुणी कधीच न बोललेले शब्दसमूह किंवा पूर्ण वाक्यं सापडली, आणि ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त, मेंदूच्या आजारानं ज्यांना शब्द सापडायला वेळ लागतो अशा लोकांच्या बाबतीत हे जास्त घडलं. ते शब्दासाठी थांबले आणि तेवढ्यात यंत्रानं त्यांच्या नावावर दुसरंच काही लिहून टाकलं. हे वाचून मला यंत्राचा राग यायला हवा होता. पण मी तरी वेगळं काय करत होते?

मी त्या सहकाऱ्याला फोन केला. साधा फोन, चित्राशिवाय. रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं, चारशे मिलिसेकंदांचं गणित सांगितलं, शेऱ्याबद्दलही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. या वेळी मी थांबले.

"मला वाटायचं तुम्हा लोकांना घाईच फार," तो म्हणाला. "म्हटलं, असतात काही टीम अशा. मी नाद सोडला होता."

"अरे, मग सांगायचंस ना."

"कधी सांगणार? तुम्ही बोलू देता?" आणि हसला. फोनवर हसणं वेळेवर आलं.

मग मी विचारलं की त्या दिवशी "हां, पण ही—" च्या पुढे काय होतं. त्याला आठवत होतं. "ही शीट जुनी आहे. मी चॅटमध्ये टाकलं होतं की." स्क्रीनवर जी शीट उघडी होती ती आदल्या महिन्याची होती. त्या शीटवर आम्ही पुढचे दोन दिवस काम केलं होतं आणि मग ते सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं होतं. चॅट मी उघडून बघितलं, त्याची ओळ खरंच होती. रेकॉर्डिंगमध्ये चॅट दिसत नाही. सारांशातही ते आलं नव्हतं.

यानंतर आम्ही काही फार शहाणे झालो असं नाही. वायफायऐवजी त्यानं तार जोडली, त्यानं थोडा फरक पडला. हात वर करायचं बटण आम्ही थट्टेचं मानायचो, ते आता वापरतो, कारण कुणी आधी हात केला ते तिथे ओळीनं दिसतं. आणि प्रश्न विचारल्यावर मी मनात पाच अंक मोजते. हे सगळ्यांत अवघड. चारच सेकंद म्हणता म्हणता किती मोठे असतात ते मला आता कळतं. त्या पहिल्या रेकॉर्डिंगमधल्या चौघांनी माझ्यासाठी एवढं थांबून दाखवलं होतं, हेच खूप. दीडपट वेगाची सवय मात्र गेलेली नाही. फक्त एखाद्याचं नाव मजकुरात येऊन पुढे अर्धाच शब्द दिसला की मी वेग कमी करते.

परवाच्या मीटिंगमध्ये मी शीट उघडली आणि विचारलं, "यात कुणाला काही वेगळं दिसतंय का?" आणि मोजायला लागले. एक. दोन. चौकटींमधले चेहरे स्तब्ध. तीन.

"तू म्यूटवर गेलीस वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"नाही, नेट गेलं असेल तिचं," दुसरं कुणीतरी.

मी मान हलवून नाही म्हटलं, पण ते पोचायला वेळ लागला असणार, कारण तिसरी व्यक्ती तोवर मला चॅटमध्ये 'आवाज येत नाहीये' असं लिहीत होती. आणि खालच्या ओळीतली कडेची चौकट उजळली.

"ती आहे," तो म्हणाला. "वरच्या रकान्यातली तारीख बघा. परत जुनीच शीट आहे."